दोन मुके सोबती

आपल्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. या धरणाचे पाणी पिसे येथे उचलतात आणि पांजरापूर येथे गाळून स्वच्छ करतात. मग ते मुंबईला जाते. मुंबईचा माणूस नळ सोडतो, पाणी भरतो आणि कामाला लागतो. पाणी कोणी गाळले, हे त्याच्या मनातही येत नाही. नळाला गढूळ पाणी आले, की मगच त्याला गाळणाऱ्याची आठवण होते.

आपल्या शरीरातही असेच गाळण्याचे काम रात्रंदिवस चालू असते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढे दोन अवयव असतात. त्यांना मूत्रपिंडे म्हणतात. उर्दूत आपण त्यांना गुर्दे म्हणतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक द्रव रक्तात परत जातो आणि फक्त दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. रक्तदाब ताब्यात ठेवणे, रक्त तयार व्हायला मदत करणे आणि हाडे बळकट ठेवणे, ही कामेही मूत्रपिंडेच करतात.

हे सोबती मोठे सोशिक आहेत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब या दोन रोगांमुळे त्यांच्या गाळण्या हळूहळू खराब होतात. अर्ध्या गाळण्या निकामी झाल्या, तरी उरलेल्या गाळण्या सारे काम ओढतात. दुखत नाही, खुपत नाही. हा बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात. जगात सुमारे ८५ कोटी लोकांना मूत्रपिंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. त्यांतील बहुतेकांना आपण आजारी आहोत, हेच ठाऊक नसते.

असे का होते? आपल्या खर्डीच्या परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. घरातील कर्ता माणूस दिवसभर वाकून भाताची लावणी करतो. संध्याकाळी अंग दुखते, म्हणून दुकानातून गोळी आणून घेतो. पाय सुजले, तर म्हणतो, “चिखलात उभा होतो ना!” थकवा आला, तर म्हणतो, “आता वय झाले.” भूक मंदावते, रात्री लघवीला वारंवार उठावे लागते, लघवीला फेस येतो. प्रत्येक गोष्टीला त्याच्याजवळ उत्तर तयार असते. वेदनाशामक गोळ्या मात्र चालूच राहतात आणि त्या मूत्रपिंडांना आणखी इजा करतात.

हा आजार ओळखायला दोन साध्या तपासण्या पुरतात. पहिली रक्ताची. स्नायूंच्या कामातून क्रिएटिनीन नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो. गाळण्या नीट काम करीनाशा झाल्या, की तो रक्तात साठतो. दुसरी तपासणी लघवीची. अल्ब्युमिन हे उपयोगी प्रथिन रक्तातच राहायला हवे. गाळणी फाटली, की ते लघवीतून वाहून जाते. ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी या दोन्ही तपासण्या कराव्यात.

आजार लवकर कळला, तर औषधे व पथ्य यांच्या मदतीने मूत्रपिंडे पुष्कळ वर्षे सांभाळता येतात. ती अगदी निकामी झाली, तर डायलिसिस करावे लागते. यात यंत्राने रक्त शुद्ध करतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास. हातावर पोट असलेल्या माणसाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, तरी गाडीने जाणे-येणे आणि बरोबर एक माणूस नेणे चुकत नाही.

म्हणून डायलिसिस म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. थोर नेते जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ साली निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार झाले. त्यानंतर ते सुमारे चार वर्षे जगले आणि १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी देशाला मार्गदर्शनही केले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

आजार कळलेल्या माणसाने काय करावे? मीठ कमी खावे. लोणचे, पापड, सुकी मासळी यांत मीठ फार असते, हे विसरू नये. तंबाखू व विडी सोडावी. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. अनोळखी भस्मे व काढे घेऊ नयेत. पाणी किती प्यावे, हेही डॉक्टरांना विचारावे. सर्वांना एकच माप लागू पडत नाही. रमजानचे रोजे ठेवण्यापूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा.

यात विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. पुष्कळ घरांत तपासणीचा कागद घडी करून कपाटात ठेवलेला असतो. तुम्हांला आता वाचता येते. तो कागद काढा. क्रिएटिनीनचा आकडा लिहिला आहे का, ते पाहा. नसेल, तर पुढच्या खेपेस अब्बांबरोबर किंवा दादीबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “यांची मूत्रपिंडे कशी आहेत?” मुक्या सोबत्यांच्या वतीने कोणीतरी बोलायलाच हवे.

शब्दार्थ
सोशिक – सहन करणारा
निकामी – काम न करणारा
वेदनाशामक – दुखणे थांबवणारे
पथ्य – परहेज

स्वाध्याय
१. मूत्रपिंडे कोणकोणती कामे करतात?
२. पुष्कळ रुग्णांना आपला आजार का कळत नाही?
३. ‘हातावर पोट असणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. घरातील मोठ्या माणसांना हा पाठ उर्दूत समजावून सांगा.