जलपर्णीचा चित्रपट

उन्हाळ्यात पुण्याच्या मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना खाली पाण्याऐवजी हिरवे कुरण पसरलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते कुरण जलपर्णीचे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिच्या जांभळट फुलांना भुलून माणसाने तिला देशोदेशी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तेथून भारतभर पसरली. तिला खाणारे कीटक मात्र मायदेशीच राहिले. आता परदेशी असणे हा काही गुन्हा नव्हे. बटाटा आणि मिरचीही तिकडचीच. पण बाहेरून येऊन जी स्थानिक जीवांची जागा बळकावते, तिला आक्रमक प्रजाती म्हणतात.

अशा विषयांवर हल्ली शाळेतली मुले मोबाईलवर लघुपट करतात. पुष्कळदा त्यात कोणीतरी गंभीर चेहऱ्याने ‘निसर्ग वाचवा’ असे सांगतो आणि मागे संगीत वाजत राहते. हेतू चांगला, पण ते काम भाषणानेही झाले असते. चित्रपटाला जे साधते आणि भाषणाला साधत नाही, ते म्हणजे काळ आकसून दाखवणे. दादासाहेब फाळके यांनी हे ओळखले होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून चित्रे घेऊन पडद्यावर दाखवली, ती भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून.

आपणही तेच करू. दोन सारखे टब घ्या. दोन्हींत सारखेच नळाचे पाणी भरा. एकात मात्र थोडे शेण कालवा. प्रत्येकात सारख्याच आकाराची दोन रोपे सोडा. दोन्ही टबांना भरपूर आणि सारखे ऊन मिळाले पाहिजे. शेजारी फूटपट्टी ठेवा आणि मोबाईल वरून, एकाच जागी, पक्का बसवा. तो हलला तर रोप वाढले की मोबाईल सरकला, हे कळणार नाही.

सकाळी ७ ते सायंकाळी ५ पर्यंत दर अर्ध्या तासाला एक चित्र घेतले, तर दिवसाची २१ चित्रे होतात. २० दिवसांची ४२०. सेकंदाला २५ चित्रे या वेगाने ती सुमारे १७ सेकंदांत संपतील. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद. तो येथे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात मावतो. म्हणजे दिवसाचा काळ आपण ४५,००० पट वेगाने पळवला! रोज एकच चित्र घेतले असते, तर सगळा खेळ एका सेकंदाच्या आतच आटोपला असता.

अनुकूल परिस्थितीत जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण १० दिवस धरू. तळ्याचा बत्तिसावा भाग झाकलेला असताना कोणाचे लक्ष जाते? पण १, २, ४, ८, १६, ३२ अशा पाच दुपटींत, म्हणजे ५० दिवसांत, तळे भरते. अर्धे भरल्यावर ओरड सुरू होते, तेव्हा हाती १० दिवसच उरलेले असतात. पुढे पाण्यात ऊन शिरत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

शेणाच्या टबातली वाढ बहुधा जोरात होईल. नदीत शेणाचे काम आपले सांडपाणी करते. त्यातली नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे हे जलपर्णीचे खत. नुसती जलपर्णी उपसून पुढच्या वर्षी ती पुन्हा का दिसते, याचे एक मोठे कारण हे आहे. दुसरे कारण तिचे बी. ते गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. तुमच्या टबांत मात्र वेगळेच काही घडले, साध्या पाण्यातली रोपेच अधिक वाढली, तर तेच दाखवा. नको असलेली चित्रे गाळू नका. मोबाईल बंद पडून एखादा दिवस चुकला, तर त्या जागी काळी चौकट घाला.

टबांत डास होतील, म्हणून चित्र घेण्याचा क्षण सोडून बाकी वेळ त्यांवर मच्छरदाणीचे कापड बांधा. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याचा मोह होईल. तेही दक्षिण अमेरिकेकडचेच पाहुणे! प्रयोग संपल्यावर रोपे गच्चीवर कडक वाळवून मातीत पुरा. गटारात किंवा ओढ्यात एक तुकडाही जाऊ देऊ नका, आणि टबात फूल आलेच तर बी धरण्यापूर्वी खुडून टाका.