आधी मागची चाकं

प्रिय सोन्या,


टायरचे फोटो आणि अलाइनमेंटचा प्रिंट, दोन्ही मिळाले. पुढचं सगळं वाचण्याआधी एक ऐक. मागचे दोन्ही टायर बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस, पावसात तर मुळीच नको. डाव्या टायरला बाहेरून नक्षी शाबूत आहे आणि आतल्या कडेला तारा दिसताहेत. झुकलेल्या चाकाचा भार सरळ रस्त्यावर सगळ्यात जास्त त्याच कडेवर असतो, आणि पाणी बाहेर फेकायला तिथे आता एकही खाच उरलेली नाही. तुझी होंडा एस २००० ही २००२ सालची. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा अमेरिकेत या मॉडेलला २००६ साली आली. तुझ्या गाडीत सावरणारा फक्त तूच आहेस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. दुकानात तुला सांगितलं की गाडी खाली केली म्हणजे कॅम्बर, म्हणजे चाकाचा झुकाव, वाढणारच आणि टायर आतून खाणारच, त्याला इलाज नाही. कॅम्बर वाढतो हे खरं आहे, पण तुझा टायर मुख्यतः कॅम्बरने खाल्लेला नाही. तुझ्याच प्रिंटमध्ये बघ: मागे डावीकडे कॅम्बर उणे २.९ अंश, उजवीकडे उणे २.४. फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. एवढ्या फरकाने एक टायर तारांपर्यंत जावा आणि दुसऱ्यावर अजून खाच शिल्लक राहावी, असं होत नाही. त्याच कागदावर खालची ओळ वाच. टो, म्हणजे चाक किती आत वळलंय ते: डावीकडे ०.३० अंश, उजवीकडे ०.१२. तुझा टायर या ओळीने खाल्लाय.

पावलं आत वळवून चालणाऱ्या माणसाच्या चपला जशा झिजतात, तसंच टो-इनचं आहे. चाक एकीकडे बघतं आणि गाडी त्याला दुसरीकडे नेते. ०.३० अंश ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून हिशेब करून बघ. एक किलोमीटर सरळ जाताना ते चाक पाच मीटरहून जास्त आडवं ओढलं जातं, आणि हे गाडी चालेल तितका वेळ चालूच असतं. त्यात कॅम्बरमुळे बराचसा भार आतल्या कडेवर आलेला असतो, म्हणजे ओढ पूर्ण टायरची आणि ती सोसते मुख्यतः आतली कड. नुसता कॅम्बर असता तर आतली बाजू सावकाश, गुळगुळीत झिजली असती. टायरवर आडवा हात फिरवून बघ: एका दिशेने मऊ लागेल आणि उलट फिरवलास की कडा बोचतील. ती खूण टोची. हात जपून फिरव, तारांजवळ नेऊ नकोस.

हा टो आला कुठून, हे तुला कळलं पाहिजे, कारण तुझी गाडी या बाबतीत विशेष आहे. या गाडीचे मुख्य अभियंते शिगेरू उएहारा. होंडाची एनएसएक्सही त्यांचीच. एस २००० ची मागची डबल विशबोन रचना मुद्दाम अशी केली होती की चाक वर दाबलं गेलं की ते आत वळावं. वळणावर बाहेरचं चाक दाबलं जातं, थोडं आत वळतं आणि गाडीची मागची बाजू बाहेर पळत नाही. फार सुरेख विचार आहे तो. पण तू स्प्रिंग बदलून गाडी खाली आणलीस, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा मागची चाकं कायम दाबलेल्या स्थितीतच राहतात. वळणापुरतं दिलेलं टो-इन आता चोवीस तास चालू आहे. दाबल्यावर आत वळण्याचं हे प्रमाण २००४ च्या मॉडेलपासून होंडाने कमी केलं. तुझी गाडी त्याआधीची. सुरुवातीच्या एनएसएक्सचे मागचे टायरही जास्त टो-इनमुळे भराभर झिजत, आणि तिथेही पुढे टो कमी करावा लागला. स्थिरता हवी तर टायरने किंमत मोजायची, हा व्यवहार या गाड्यांच्या रक्तातच आहे. ती किंमत किती मोजायची ते मात्र आपण ठरवू शकतो.

म्हणून टो शून्यावर आणायच्या भानगडीत पडू नकोस. इंटरनेटवर कुणीही सांगो. मागचा टो शून्य ठेवला तर बुश जरा सैल होताच चाक बाहेर बघू लागेल, आणि मागे टो-आउट असलेल्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत वळणावर ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय उचलला की काय होतं, ते तू अनुभवू नयेस असं मला मनापासून वाटतं. माझ्या मते दोन्ही बाजूंना ०.१४ अंशाच्या आसपास ठेव. दोन्ही चाकं मिळून साधारण ३ मिलिमीटर. कॅम्बर उणे दोनच्या जवळ आला तर उत्तम, उणे अडीचवर अडला तरी चालेल. त्यासाठी लगेच महागडे आर्म विकत घेऊ नकोस.

दोन्ही बाजू सारख्या, यावर मात्र हट्ट धर. स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागायचं असं तू लिहिलं होतंस. डावं चाक जास्त आत वळलेलं, त्यामुळे मागचा धुरा गाडीची मागची बाजू उजवीकडे ढकलत होता. दुकानाने पुढचे टाय-रॉड फिरवून स्टीअरिंग मध्यावर आणून दिलं आणि काम झालं म्हटलं. स्टीअरिंग सरळ दिसलं, पण गाडी अजून तिरकीच चालते आहे. अलाइनमेंटमध्ये आधी मागची चाकं लावायची, मग त्यांच्या रेषेला धरून पुढची. हा क्रम न पाळणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नकोस.

एक अडचण येण्याची शक्यता आहे. मागच्या खालच्या आर्मचे विकेंद्री बोल्ट फिरवून कॅम्बर आणि टो लावतात, आणि मिशिगनच्या रस्त्यावरच्या मिठात हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसतात. तसे असले तर मेकॅनिक 'ॲडजस्ट होत नाही' म्हणून मोकळा होईल. त्याला स्पष्ट विचार: मर्यादा संपली, की बोल्ट फिरत नाही? फिरत नसेल तर बोल्ट कापून नवे बुश घालावे लागतील. ते खर्चिक आहे, पण टाळण्यासारखं नाही. नवे बोल्ट बसवताना ग्रीस लाव. आणि आर्मचे रबर बुश शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना. हवेत लटकलेल्या चाकांनिशी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्प्रिंग बदलताना हे केलं होतं का, विचारून घे.

टायरची अदलाबदल करून भागेल का, असंही विचारलंस. नाही. पुढे २०५ चे आणि मागे २२५ चे टायर, त्यामुळे पुढचे-मागचे बदलता येत नाहीत. तुझ्या टायरची एक ठरावीक बाजू बाहेरच ठेवावी लागते, त्यामुळे डावा-उजवा केलास तरी आतली कड आतच राहणार.

मशीनवर गाडी चढवण्याआधी हवा मोजून भर, टाकी निम्मी तरी असू दे आणि तुझ्या वजनाइतकं काहीतरी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला सांग. 'सगळं हिरवं आलं' हे उत्तर घेऊ नकोस. ते हिरवे पट्टे मूळ उंचीच्या गाडीसाठी आखलेले असतात, आणि पट्टाही चांगला रुंद असतो. आकडे माग.

गाडी खाली केल्याबद्दल मी रागावलेले नाही. सुंदर दिसते ती. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही तारांचा फोटो त्याला पाठवू नकोस.

नवा प्रिंट आला की आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मला पाठव. हजारभर मैल झाले की जॅकवर घेऊन आतली कड मोजायची. बाहेरून वाकून बघून चालणार नाही. मोजलेले आकडे मला कळव, मग पुढे बोलू.

तुझी,
आत्या