दात मोजणारं यंत्र आणि बारावीनंतरची वाट

मोलगीच्या बाजारात आमचूर घेणारा व्यापारी मूठभर फोडी हातात घेतो आणि लगेच प्रत सांगतो. पांढऱ्या फोडीला भाव चढा, पावसात काळवंडलेलीला कमी. ही पारख पुस्तकातून आलेली नाही. हजारो फोडी पाहून नजर बसली. संगणकाची नजर अशीच बसवायची, याला डीप लर्निंग म्हणतात. नावाला घाबरू नका.

त्यातलंच एक काम दातांचं. वेडेवाकडे दात सरळ करायचे तर डॉक्टर पूर्वी तोंडात लगदा दाबून माप घेत आणि प्लास्टरचा साचा करत. आता तोंडात छोटा स्कॅनर फिरवला की जबडा पडद्यावर उभा राहतो. पण संगणकाला तो नुसता लाखभर बारीक त्रिकोणांचा एकसंध पत्रा दिसतो. कुठला त्रिकोण सुळ्याचा, कुठला दाढेचा, कुठला हिरडीचा, हे ठरवणं म्हणजे सेगमेंटेशन. ते झाल्याशिवाय एकेक दात सुटा करून पडद्यावर सरकवता येत नाही. 2022 मध्ये या कामाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यासाठी 900 रुग्णांचे 1800 स्कॅन जमवले होते आणि त्यांतल्या 23,999 दातांवरच्या खुणा दंतवैद्यांनी तपासल्या होत्या. दात एकमेकांवर चढलेले असले किंवा मधला एखादा पडलेला असला की यंत्र गोंधळतं, शेजारच्या दाताला भलताच क्रमांक देतं. म्हणून इथे कोड लिहिणाऱ्याइतकीच दात ओळखणाऱ्याचीही गरज असते.

त्यामुळे वाटा दोन्हीकडून आहेत. बायॉलॉजी आवडत असेल तर ‘नीट’ परीक्षा देऊन बीडीएस. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गणित आवडत असेल तर सीईटीवरून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. घर सोडणं अवघड असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस पाहा. त्याला जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता परीक्षा असते आणि अनुसूचित जमातीच्या मुलांना फीमध्ये सवलत मिळते. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि डोंगरात नेटवर्क दगा देतं, हे धरूनच ठरवा.

आईवडिलांचा खरा प्रश्न असतो, नोकरी लागेल का? फक्त दातांच्या सेगमेंटेशनच्या जागा थोड्याच असणार. पण हीच विद्या सीटी स्कॅनमधली गाठ वेगळी काढायला आणि उपग्रहाच्या चित्रात शेत ओळखायलाही लागते. ‘तीन महिन्यांत एआय, नोकरीची हमी’ अशा क्लाससाठी मात्र बैल विकू नका. बारावीतले मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्ह पक्के करा, पायथॉन स्वयम् पोर्टलवर फुकट शिका.

आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. हुशार पोरांचे प्रवेश या एका कागदापायी अडकतात. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची चौकशी तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते. जाताना मुलीला किंवा मुलाला बरोबर न्या, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.