कोड आला की लगेच सेन्सर बदलू नकोस

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि लगेच कळलं, कुणीतरी बोललंय तुला. दोन सेन्सर बदलले तरी पोकलेनचा लाल दिवा जाईना, आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाला की पैसे पाण्यात गेले. रात्री तू नीट जेवली नसशील. मीही या वाटेने गेले आहे, म्हणून मनातलं सगळं सांगते. बैस जरा.

एक गोष्ट पक्की धर. कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही. कंट्रोलरला अमुक तारेवर नको ते व्होल्टेज दिसलं, एवढंच तो सांगतो. त्या तारेच्या एका टोकाला सेन्सर असतो, दुसऱ्या टोकाला कंट्रोलर, आणि मध्ये कितीतरी मीटर वायरिंग, कनेक्टर, क्लॅम्प, ऑइल, चिखल, खडीची धूळ. मला तरी दोष बहुतेक वेळा या मधल्या वाटेतच सापडलाय.

डिस्प्लेवर दोन आकडे येतात ना? एसपीएन म्हणजे कुठलं माप ते. 100 असेल तर इंजिन ऑइलचं प्रेशर, 110 असेल तर कूलंटचं तापमान. त्याच्या शेजारचा एफएमआय पुष्कळ जण वाचतच नाहीत, आणि खरी मेख तिथे असते. 3 म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, 4 म्हणजे कमी. समज, कूलंटच्या सेन्सरवर 4 आलाय. चावी बंद कर, सॉकेट काढ, पुन्हा चावी लाव. 4 चा 3 झाला तर तार आणि कंट्रोलर शाबूत आहेत, सेन्सरच आतून शॉर्ट झालाय, खुशाल बदल. पण सॉकेट काढूनही 4 तसाच राहिला, तर तार वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली असणार. मग नवा सेन्सर आणून काय उपयोग? पाच मिनिटांची तपासणी आहे ही, आणि खर्च काहीच नाही. फक्त जुना साठलेला कोड आणि आत्ता चालू असलेला कोड यांची गल्लत करू नकोस.

मी केलेली चूक ऐक. एका दगडखाणीवर पोकलेनला एकदम तीन कोड आले, तिन्ही प्रेशर सेन्सरचे. मी एक बदलला, मग दुसरा. दोन्ही वेळा मशीन थोडा वेळ चाललं आणि दिवा परत लागला. तिसरा मागवायला निघाले तेव्हा ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, बूम पूर्ण वर घेतला की दिवा लागतो. खाली असला की काही होत नाही." सकाळपासून ते तिथेच उभे होते, मी त्यांना विचारलंच नव्हतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रेशर सेन्सरला तीन तारा असतात. एकीवर कंट्रोलर 5 व्होल्ट देतो, एक अर्थिंगची, आणि तिसरीवर सेन्सर उत्तर पाठवतो, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत. मशीन 24 व्होल्टवर चालत असलं तरी हा कारभार 5 व्होल्टचा. ती 5 व्होल्टची तार अनेकदा तीन-चार सेन्सरमध्ये मिळून एकच असते. एका जागी ती बॉडीला लागली की सगळ्यांचाच पुरवठा तुटतो, आणि डिस्प्लेवर तीन कोड येतात. तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत गं. एकदम बरेच कोड आले की आधी त्यांचा समाईक धागा शोधायचा.

मी कॅबमागे कंट्रोलरच्या बाजूला मीटर लावला आणि काकांना बूम हळूहळू वर घ्यायला सांगितलं. 5.0, 5.0, आणि बूम वर जाताच एकदम शून्य. सेन्सर एकेक करून काढले, तरी बूम वर गेला की शून्यच. एखादं सॉकेट काढल्यावर 5 परत आले असते, तर तो सेन्सर चोर ठरला असता. म्हणजे दोष तारेतच. बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि मगच बुमाच्या बुडाशी हात घातला. (उचललेल्या बुमाखाली कुणी कितीही घाई केली तरी जायचं नाही, हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते.) तिथल्या क्लॅम्पमधलं रबर निघून गेलं होतं. पत्र्याच्या धारेवर घासून वायरिंगचं वरचं आवरण फाटलं होतं आणि आत तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. बूम वर गेला की तार ताणली जाऊन तेवढंच तांबं लोखंडाला टेकायचं. नवी तार जोडली, स्लीव्ह चढवली, क्लॅम्पला नवं रबर घातलं. काढलेले दोन्ही सेन्सर अगदी चांगले होते.

आता वेगळं सांगते, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. कधी कधी सेन्सर खरंच बोलत असतो. ऑइल प्रेशर कमी असल्याचा इशारा आला की साइटवर हमखास कुणीतरी म्हणतं, "सेन्सर गेलाय, चालू दे." इंजिन बंद करायला लाव, मेकॅनिकल गेज जोड, आणि प्रेशर मोजायला लागेल तेवढाच वेळ ते चालव. गेजही कमी दाखवत असेल तर लगेच बंद कर आणि पुन्हा चालू होऊ देऊ नकोस. रेझिस्टर लावून दिवा विझवायला सांगणारे भेटतील, मोठ्या आवाजात सांगतील. त्यांना सरळ नाही म्हण. बेअरिंग धरलं की इंजिन उघडावं लागतं, आणि तेव्हा तो सल्ला देणारा तिथे नसतो.

बारीकसारीकही सांगून ठेवते. तारेत सुई टोचून मोजू नकोस, त्या भोकातून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. कनेक्टरच्या तोंडात मीटरची जाड पिन कोंबू नकोस, आतली पकड सैल होते आणि तू नवाच दोष करून ठेवतेस. मागच्या बाजूने बारीक पिन घाल. प्रेशर वॉशरने धुतलेलं मशीन असेल तर आधी सॉकेट उघडून वाळव. बरेच दिवस उभं असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा बघ. वेल्डिंग करणाऱ्याला बॅटरी आणि कंट्रोलरची सॉकेटं काढायला लाव, तो कंटाळला तरी. कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन तारांमध्ये बॅटरी सोडवून 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एक टोक तुटलंय किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलाय.

चाकांच्या मशीनना एप्रिल 2021 पासून धुराचे नवे निकष आले, तेव्हापासून सेन्सर वाढतच चाललेत. तुझं काम कमी होणार नाही.

मालकाचं म्हणशील, तर मशीन उभं राहिलं की त्याचं भाडं बुडतं, म्हणून तो चिडतो. त्याच्याशी वाद घालू नकोस. वहीत व्होल्टेज लिही, कुठल्या सॉकेटवर आणि कुठल्या स्थितीत मोजलं तेही लिही, आणि ते पान त्याच्यापुढे धर. उद्या कुठलाही पार्ट मागवण्याआधी ऑपरेटरला विचार की दिवा नेमका कधी लागतो, आणि एफएमआयचा आकडा बघ. रात्री मला फोन करून दोन्ही सांग. मी जागीच असेन, आणि तोवर तू जेवून घे.