मोटारसायकलचा सायलेन्सर घेताना

कापडाच्या व्यापाऱ्याने सायलेन्सरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु आज आपल्या छोट्या धंद्यात मोटारसायकल हीच बैलगाडी झाली आहे. मालेगाव-भिवंडीचा माल खेड्यापाड्यांत नेणारे फेरीवाले, सूत पोहोचवणारी मुले, दुरुस्तीला जाणारे लूमचे मिस्त्री, सगळ्यांचा रोजगार दोन चाकांवर चालतो. गाडीचा एखादा भाग चुकीचा घेतला तर नुकसान गाडीपुरते राहत नाही, धंद्यालाही बसते. शिवाय आपल्यातले पुष्कळ कारागीर वेल्डिंग, फिटिंग आणि स्पेअर पार्टच्या कामात आहेत. तेव्हा हा विषय घेणारा आणि देणारा या दोघांचाही आहे.

माझा भाचा मालेगावहून सटाणा, नांदगाव, मनमाडकडच्या बाजारांत साड्या आणि ड्रेस मटेरियल नेतो. गाडी १५० सीसीची, २०२१ सालची, म्हणजे बीएस-६. २०२३ साली गाडी घसरून सायलेन्सर चेपला आणि जोडाशी फुटला. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितले, कंपनीचा महाग पडेल, हा आखूड सायलेन्सर ३,५०० रुपयांत बसवून देतो, पिकअपही वाढेल. भाच्याने तो बसवला. जुना ‘भंगार’ म्हणून दुकानातच राहिला.

पहिल्या महिन्यात ॲव्हरेज कमी झाले, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला. दुसऱ्या महिन्यात पोलिसांनी गाडी अडवली आणि आवाजासाठी दंड झाला. तिसऱ्या महिन्यात बाजूला बांधलेल्या गठ्ठ्याचा कोपरा पाइपला टेकला आणि पॉलिएस्टरच्या अकरा साड्या वितळून एकमेकींना चिकटल्या. तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मामू, स्वस्तात घेतला होता.’’ कंपनीचा सायलेन्सर घालायला पुढे साडेनऊ हजार लागले. साड्यांचा हिशेब वेगळाच.

दुकानात राहिलेल्या त्या जुन्या सायलेन्सरबद्दल आधी सांगतो, कारण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बीएस-६ गाडीच्या धूर जाण्याच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कमी घातक वायूत रूपांतर करणे हे त्याचे काम. भंगारवाले हे कन्व्हर्टर वेगळे काढून चांगल्या भावाने विकतात. म्हणजे ‘जुना इथेच टाका, विल्हेवाट लावतो’ म्हणणारा काही आपल्यावर उपकार करत नाही. फुटलेला असला तरी जुना सायलेन्सर घरी आणावा, नाहीतर निदान त्याचा भाव बिलातून वजा करून घ्यावा. जोडाशी फुटलेला सायलेन्सर बहुतेक वेळा वेल्डिंगने नीट होतो. भाच्याचाही झाला असता.

आता सायलेन्सर काय काम करतो ते पाहू. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूचा जोरदार ठोका पाइपात शिरतो. हा ठोका पाइपच्या मोकळ्या तोंडाशी पोहोचला की तिथून उलट फिरतो, मात्र परत येताना तो दाब राहत नाही, ओढ होतो. ही ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर उरलेला धूर खेचून घेते आणि ताज्या पेट्रोल-हवेला जागा करून देते. पाइप किती लांब, किती जाड आणि इंजिनाचे फेरे किती, यांच्या मेळावर हे सगळे अवलंबून असते. कंपनीचा इंजिनियर हा मेळ ठरवतो, आणि आपण करवतीने दहा इंच कापून टाकतो.

गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते की इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ लागते. हे शब्दशः खरे नाही. धुराला मागे रेटणारा दाब कोणत्याही इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की धूर संथ होतो, ओढ मंदावते, आणि कमी फेऱ्यांवरची ताकद जाते. ती ताकद आपल्याला कधी लागते? पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना, बाजारच्या गर्दीतून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना. शर्यतीच्या गाडीला वरच्या फेऱ्यांवर जे चार आणे मिळतात, ते आपल्या गाडीकडून खाली आठ आणे घेऊन जातात. लहान इंजिनात नुसता सायलेन्सर बदलून मिळणारी ताकद इतकी थोडी असते की ओझ्याच्या गाडीवर ती जाणवतच नाही. जाणवतो तो आवाज, आणि आवाजालाच माणूस ताकद समजतो.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मोकळा सायलेन्सर घातला तर हवा वाढते आणि पेट्रोल तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते. प्लग काढून पाहिला तर तो पांढरट दिसतो, इंजिन तापते, ॲक्सिलरेटर सोडताच फटाके वाजतात. पोरांना फटाक्यांची मौज वाटते, पण पातळ मिश्रणावर रोज गाडी पळवली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन लवकर जातात. असा सायलेन्सर बसवणाऱ्याने मेन जेटही तपासून बदलला पाहिजे. ‘जेटचे काय?’ असे विचारून पाहावे. उत्तर टाळले तर दुसरे दुकान शोधावे. फटाक्यांचे आणखी एक साधे कारण असते. हेडजवळच्या पॅकिंगमधून हवा आत शिरत असेल तरीही ते वाजतात.

बीएस-६ गाडीत पेट्रोल इंजेक्शनने येते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर धुराच्या वाटेवरच बसवलेला असतो. बाजारातल्या अनेक पाइपांना सेन्सरची जागाच नसते, किंवा असली तरी चुकीच्या ठिकाणी असते. मग मिस्त्री सेन्सर मोकळा टांगून ठेवतो. सेन्सरला सतत ताजी हवा दिसते, कॉम्प्युटरला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. भाच्याचे ॲव्हरेज असेच गेले.

धातूकडे वळू. इथे मला माझा धंदा उपयोगी पडला. थान घेताना आपण तीन गोष्टी करतोच: उजेडाकडे धरून पोत पाहतो, वजन करतो, आणि काठ उलटून शिलाई तपासतो. सायलेन्सरलाही हेच लागू आहे.

मागच्या तोंडातून टॉर्च मारा. पलीकडचा उजेड सरळ दिसला तर तो सायलेन्सर म्हणजे जाळीची नळी आणि भोवती ग्लास वूल, इतकेच. त्यात धूर फिरवून आवाज मारणारे आतले पडदे आणि कप्पे नाहीत. ग्लास वूल काही महिन्यांत जळते, तेल पिते, ठोक्यांनी उडून जाते, आणि आवाज दर महिन्याला चढत जातो. दुकानात ऐकवलेला आवाज नव्या ग्लास वूलचा असतो. काही सायलेन्सरच्या तोंडाला ‘डीबी किलर’ नावाची छोटी नळी स्क्रूने लावून देतात. ती काढता येते, म्हणजे पडतेही. पडली की मूळ आवाज बाहेर येतो.

नवा आणि जुना सायलेन्सर एकाच काट्यावर तोला. हलका असणे नेहमीच वाईट नसते, पण टायटॅनियमचे नाव सांगणारा दोन हजारांचा सायलेन्सर हलका असेल तर पत्रा पातळ आहे. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटरचा असतो, २० गेजचा त्याहून पातळ. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पातळ एकेरी पत्रा रिकाम्या डब्यासारखा वाजतो.

चुंबकावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. साधे लोखंड चुंबक धरते, त्यावर क्रोम असले तरी धरते, हे खरे. पण कंपन्या सायलेन्सरला वापरतात ते ४०९ जातीचे स्टेनलेसही चुंबक धरते, आणि ते उष्णतेला चांगले टिकते. उलट ३०४ जातीचे उत्तम स्टेनलेस चुंबक धरत नाही, आणि हलक्या भांड्यांचे २०२ जातीचेही जवळपास धरत नाही. म्हणजे चुंबक चिकटले नाही म्हणून ‘असली ३०४’ असे समजणारा फसतो. जातीचे नाव बिलावर लिहून मागावे. परदेशी नावांच्या स्टिकरबद्दलही तेच. स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचच्या नावाचे नकली माल बाजारात ढिगाने आहेत आणि स्टिकर सायलेन्सरपेक्षा स्वस्त असतो.

वेल्डिंगची रेघ बाहेरून चकचकीत असेल, पण आतून पाहा. आत गोळे लोंबत असतील तर तिथे धूर अडतो आणि पुढे तिथेच तडा जातो. फ्लँज पॅकिंगवर सपाट बसते की नाही हे काचेवर ठेवून कळते.

गंजाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते, ते वाफ होऊन धुराबरोबर जाते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि वाफ बाहेर पडते. पण गल्लीतून दुकान आणि दुकानातून गल्ली अशा चालणाऱ्या गाडीत ती आतच पाणी होऊन साचते आणि सायलेन्सर आतून सडतो. चांगल्या सायलेन्सरच्या तळाला म्हणूनच बारीक भोक असते. ते भोक ‘लीकेज आहे’ म्हणून वेल्डिंगने बुजवणारे कारागीर मी पाहिले आहेत.

ज्यांच्या गाडीवर कापड असते त्यांनी उष्णता आधी पाहावी, बाकी सगळे नंतर. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळते, पॉलिएस्टर २६० च्या आसपास. सुती कापड वितळत नाही, करपते. ओझे घेऊन तासभर चाललेल्या गाडीचा बेंड पाइप इंजिनजवळ याहूनही तापू शकतो. कंपनीच्या सायलेन्सरवर जाळीदार कव्हर असते ते शोभेसाठी नाही. बाहेरच्या आखूड सायलेन्सरला बहुधा ते नसते, आणि त्याचे तोंड नेमके पिशवीच्या किंवा मागे बसणाऱ्याच्या पायाच्या रोखाने येते. बसवण्यापूर्वी गाडीवर गठ्ठा बांधून अंतर पाहावे. घरातल्या बायकांची ओढणी आणि मुलांच्या पोटऱ्याही इथेच भाजतात.

कायद्याचे थोडक्यात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटारसायकल कंपनीतून मंजूर होताना आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० अशी ठरली आहे. ही मोजणी साडेसात मीटरवरून होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज किंवा धुराच्या नियमाचा भंग केल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकते. कलम १८२अ खाली परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे.

कारागीर बांधवांनी याच कलमाचा पहिला भाग वाचावा. नियमाविरुद्ध गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात बदल करणाऱ्या उत्पादक, आयातदार आणि डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागे एक लाख रुपये दंड त्यात सांगितला आहे. आणि या कायद्याच्या व्याख्येत गाड्यांची दुरुस्ती करणाराही ‘डीलर’मध्ये मोडतो. ‘गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून पडदे कापले’ हे उत्तर तिथे चालेल अशा भ्रमात राहू नये. पाचशे रुपयांच्या मजुरीसाठी एवढी जोखीम कोणी घेत असेल तर त्याने आधी हिशेब मांडावा.

या हुनराला सरळ मार्गाचे काम कमी नाही. म्हैसूरची येझदी १९९६ साली बंद झाली, यामाहा आरएक्स १०० ही त्याच सुमारास. या टू-स्ट्रोक गाड्या आजही जिवापाड जपल्या जातात आणि त्यांना मूळ मापाचे सायलेन्सर लागतात. टू-स्ट्रोकमध्ये पाइपचा फुगवटा आणि निमुळतेपणा इंजिनाचाच भाग असतो. परत येणारा ठोका बाहेर निघालेले ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलतो. म्हणून तिथे नजरेचे माप चालत नाही, नमुना समोर ठेवूनच काम करावे. आतला कार्बन काढायला काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. प्रोसेस हाऊसमध्ये काम केलेल्यांना त्याची ओळख आहेच. लोखंडाला तो चालतो, ॲल्युमिनियमला खातो, एवढे ध्यानात असू द्यावे.

सायलेन्सर बसवताना पॅकिंग दर वेळी नवे घालावे, जुने दाबलेले पुन्हा घट्ट होत नाही. हेडचे स्टड ॲल्युमिनियममध्ये असतात, गंजलेले नट जोर लावून फिरवले तर स्टड तुटतो आणि मजुरी सायलेन्सरच्या किमतीला जाते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. आधी सगळे नट हाताने लावावेत, मागचा टेकू बसवावा, मग पुढून मागे आवळत यावे. उलट केले तर पाइप ताणात राहतो आणि महिन्याभरात टेकूशी फुटतो. गाडी सुरू करून थंड असतानाच जोडावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. पन्नास किलोमीटर झाले की गाडी पुरती थंड होऊ देऊन नट पुन्हा एकदा आवळावेत.