काट्यावर उभं राहण्याआधी

पाटोदा, जि. बीड

चि. समाधान यास,


दादा-वहिनी ऊसतोडीला फडावर आहेत, उचल फिटल्याशिवाय परतणार नाहीत. म्हणून हे मलाच लिहायला हवं. परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की वजन 60 किलो भरतंय पण बॉक्सिंग 55 च्या गटात खेळणार, शेवटचे तीन दिवस पाणी बंद केलं की उतरतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी तेच केलं होतं. बारावीला होतो, कुस्तीच्या निवड चाचणीला दोन किलो जास्त. अंगाला प्लास्टिक गुंडाळलं, वर दोन स्वेटर घातले आणि भर उन्हात पळालो. तोंडात चिंच धरून थुंकत बसलो. वजन बसलं. काट्यावरून उतरलो आणि तांब्यामागून तांब्या पाणी घटाघटा प्यालो. थोड्या वेळात सगळं उलटून पडलं. कुस्तीत पोटऱ्यांना असे गोळे आले की समोरच्यानं पट काढायच्या आधीच मी गुडघ्यावर आलो. त्याच पोराला मी जत्रेत दोनदा चीत केलं होतं. घरी कुणाला खरं कारण सांगितलं नाही, आज तुला सांगतोय.

तीन दिवसांत उतरतं ते वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. हे पाणी रक्तातून जातं, स्नायूंतून जातं. रक्त कमी पडलं की तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. घाम आटला की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. 1997 साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान साधारण महिन्याभरात गेले, असंच वजन तोडताना. तरणीताठी पोरं होती, घामासाठी रबरी सूट घालून कसरत करत होती. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना दोन्हींवर बंदी आली.

आणि मी तर मॅटवर नुसता बसलो. तुझ्या खेळात समोरचा डोक्यावर मारतो. मेंदू कवटीत पाण्यावर तरंगत असतो. शरीर सुकलं की तोही थोडा आकसतो, आणि अशा वेळी बसलेला ठोसा जास्त घातक ठरण्याची भीती असते. जॅब येताना दिसतो पण हात वर जात नाही, ही सुकलेल्या बॉक्सरची अवस्था. ती तुला रिंगमध्ये कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

तू मोबाईलवर ज्यांचे व्हिडिओ बघतोस ते व्यावसायिक बॉक्सर. त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना भरून काढायला रात्र मिळते. तुझं वजन सकाळी आणि लढतही त्याच दिवशी. पुढची फेरी गाठलीस की त्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. मेरी कोमनं 2018 ला पोलंडमधल्या स्पर्धेत चार तासांत दोन किलो उतरवून सुवर्ण जिंकलं, हे तुमच्या होस्टेलच्या पोरांना पाठ असणार. तेव्हा ती पाच वेळची जगज्जेती होती, आपलं शरीर तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. आणि कुस्तीतली विनेश फोगाट? 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रात्रभर खपूनही शंभर ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी गाठलेली पोर स्पर्धेबाहेर गेली. वर्षानुवर्षं खेळलेल्यांचंही असं होतं.

वरच्या गटात गेलं की कमीपणा येतो, असं तुला वाटतं. पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलोत सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 किलोत कांस्य घेऊन आले. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 ला राष्ट्रकुलात 57 किलोत सुवर्ण मिळवलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. वरच्या गटात जाऊन दोघंही छोटे झाले नाहीत. तुझं वय अठरा, हाडं अजून भरतायत. 60 तुझं वजन असेल तर तू 60 चा बॉक्सर आहेस.

एखाद-दुसरा किलो उतरवायचाच झाला तर महिनाभर आधी लाग. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. तळलेलं, गोड बंद. डाळ, अंडी, दही चालू. भाकरी सोडू नकोस, फक्त शेवटचा दीड दिवस भाकरी आणि पालेभाजीऐवजी मऊ भात खा. कोंडा पोटात पाणी धरून बसतो, तेवढ्यानंच काटा थोडा खाली येतो. पाणी मात्र तोडायचं नाही.

काट्यावरून उतरल्यावर माझ्यासारखं घटाघटा पिऊ नकोस. आपल्याकडे धो धो पाऊस वाहून जातो, रिपरिप मुरतो, हे तू लहानपणापासून बघतोयस. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळव आणि घोट घोट पी. नुसतं पाणी लघवीवाटे निघून जातं; मीठ असलं की अंगात राहतं. जेवढं गेलं त्याच्या दीडपट भरावं लागतं, आणि ते तासाभरात होत नाही. सोबत केळं, थोडा दहीभात. लघवी फिकट होईपर्यंत तू कोरडाच आहेस असं समज.

लघवीच्या गोळ्या कुणी दिल्या तर हात लावू नकोस. त्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत, सापडलास तर खेळ गेला. सलाईन लावून घेण्यालाही नियमाची मर्यादा आहे. दवाखान्यातल्या उपचाराशिवाय बारा तासांत शंभर मिलिलीटरपेक्षा जास्त चालत नाही.

उद्या सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन कर आणि वहीत लिही. असे सात दिवसांचे आकडे घेऊन सरांकडे जा, 60 मध्ये नाव घाला म्हणून सांग. तुला संकोच वाटत असेल तर मी येऊन बोलतो, पाटोद्याहून सकाळची एसटी आहे. दादांना यातलं काही कळवलेलं नाही. आकडे मला फोनवर सांग.

तुझा
काका