गंधक, धुरांडी आणि बारावीनंतरचा प्रश्न

बेंगळुरूतल्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की चर्चा एकाच विषयाभोवती फिरते: कॉम्प्युटर सायन्स कुठे मिळेल? अशा वेळी मुलीने ‘मला हवेच्या प्रदूषणावर काम करायचंय’ म्हटलं, की आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. ‘त्यात पोट भरेल का?’ हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही.

आधी कामाचा आवाका पाहू. कर्नाटकला वीज पुरवणारं रायचूरजवळच्या शक्तिनगरचं औष्णिक केंद्र १७२० मेगावॉटचं. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, म्हणजे किरकोळच. पण ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. जळताना गंधक स्वतःच्या वजनाइतका ऑक्सिजन घेतो, आणि एका संचातून रोज ७०-८० टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. शेतांतून, गोठ्यांतून आलेला अमोनिया भेटला की अमोनियम सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. जिल्ह्याची हद्द त्यांना ठाऊक नसते.

उपाय जुनाच आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉट केंद्रात २००७ पासून धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने वायू त्यात मुरतो. त्यामागे न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाचा पाठपुरावा होता. समुद्र नसेल तिथे चुनखडी मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारतात. एक टन वायू अडवला की सुमारे २.७ टन जिप्सम हाती येतं, ते सिमेंटला चालतं.

मग नोकऱ्यांचा पाऊस का पडला नाही? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने गंधकाची मर्यादा ठरवली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय खेदाचा आहे. विद्यार्थ्याने मात्र त्यातून व्यवहार शिकावा: एका अधिसूचनेच्या भरवशावर शाखा निवडू नये.

म्हणून पदवीलाच ‘पर्यावरण’ असं नाव असलेला कोर्स घेण्याची घाई नको. केमिकल इंजिनीअरिंग किंवा रसायनशास्त्राची बीएस्सी घ्यावी आणि हवेचं प्रदूषण पदव्युत्तर शिक्षणात आणावं. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे. पाया रसायनाचा असला, तर सरकारी धोरण फिरलं तरी औषधं, रंग, खतं, बॅटऱ्या हे दरवाजे उघडे राहतात. वीजकेंद्रांनाही पाणी आणि कोळसा तपासायला केमिस्ट लागतोच.

बेंगळुरूतल्या मुलांना आणखी एक सोय आहे, तिचा फायदा फार थोडे घेतात. आयआयएससीमध्ये वातावरण आणि महासागर विज्ञानाचं केंद्र आहे, वीजक्षेत्रातल्या संशोधनासाठी सीपीआरआय आहे. सीस्टेप या संस्थेने २०१८ मध्ये औष्णिक केंद्रांच्या उत्सर्जन मर्यादांचा खर्च आणि लाभ मांडणारा अहवाल काढला. शिवाय मोठ्या धुरांड्यांवर आता चोवीस तास मोजणारी यंत्रं असतात. त्यांच्या आकड्यांतला खरा कोणता, सेन्सर बिघडल्यामुळे आलेला कोणता, हे ओळखायला रसायन आणि पायथन दोन्ही यावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटरचा हट्ट धरणाऱ्या बाबांचंही थोडं ऐकलं जातं!

पैशांचं स्पष्ट बोलायचं, तर सुरुवातीला सॉफ्टवेअरइतका पगार मिळेलच असं नाही, आणि संशोधनाच्या वाटेवर पीएचडीची पाच-सहा वर्षं विद्यावेतनावर काढावी लागतात. हे घरात आधीच बोलून घ्यावं. आयआयएससीचा ‘ओपन डे’ सर्वांसाठी खुला असतो. त्या दिवशी मुलीला घेऊन जा, प्रयोगशाळा पाहा आणि तिथल्या पीएचडीच्या मुलांना विद्यावेतन किती, पुढे काय, हे बिनधास्त विचारा.